टन, स्टार, इन्व्हर्टर, एआय: खोक्यावरची भाषा वाचायची कशी?

मृगनक्षत्र

आई-बाबांसाठी अकोल्याला एसी घ्यायचा आहे. इथे पुण्यात आधी दुकानं फिरून आले आणि विक्रेत्यांच्या तोंडचे शब्द घरी येऊन लिहून काढले: दीड टन, फाइव्ह स्टार, इन्व्हर्टर, एआय कूलिंग, फाइव्ह-इन-वन कन्व्हर्टिबल, स्टॅबिलायझर फ्री, 55 अंशांतही गार. प्रत्येक वाक्यात दोन-तीन तरी.

आमच्याकडे पहिला फ्रिज आला तेव्हा बाबांनी दुकानात एकच प्रश्न विचारला होता, किती लिटर? उत्तर मिळालं, पैसे दिले, फ्रिज घरी आला. आता वस्तू जितकी बदलते त्याच्या दुप्पट वेगाने तिचं वर्णन बदलतंय, असं माझं ठाम मत झालंय. त्यातले काही शब्द खरंच मोजता येण्याजोग्या गोष्टीबद्दल आहेत, काहींच्या मागे मोजण्यासारखं काही आहे की नाही हेच कळत नाही. बाबा 74 वर्षांचे आहेत, बिल स्वतः वाचतात, हिशेबाला पक्के आहेत. त्यांना मला 'घ्या हो, चांगला आहे' एवढंच सांगायचं नाहीये, समजावून सांगायचंय.

जाणकारांनी लिहावं. एसीच नव्हे, टीव्ही, फोन, पंखा, काहीही चालेल.

टेस्टर_हातात

टनापासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज ऐकलेत.

एसीच्या वजनाशी टनाचा काही संबंध नाही. गारव्यासाठी बर्फाच्या लाद्या विकत घ्यायचे त्या काळातलं हे माप आहे. एक टन बर्फ (अमेरिकी टन, 2000 पौंडांचा) 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. आकड्यात सांगायचं तर तासाला 12,000 बीटीयू (उष्णता मोजायचं इंग्रजी एकक) किंवा साधारण 3.5 किलोवॅट. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅटच्या आसपास. ही बाहेर काढलेली उष्णता झाली. यंत्र खातं ती वीज याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी असते. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि 'दीड टनाचा घेतला तर बिल दीडपट' असा हिशेब मांडतात.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. खोक्यावरची क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेली असते. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा तोच एसी तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि वीजही जास्त घेतो. '55 अंशांतही गार' याचा अर्थ एवढाच की त्या तापमानाला कॉम्प्रेसर बंद पडणार नाही. पूर्ण दीड टन मिळेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. विक्रेत्याला नेमकं विचारा, 46 अंशांना क्षमता किती उरते? काही कंपन्या हा आकडा माहितीपत्रकात छापतात. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत असलेली खोली असेल तर आकार ठरवताना हात आखडू नका.

ताकभात

दीड टनाचा एसी पलंगाच्या वर लावणार म्हटल्यावर आमच्या आजीने आधी पलंग समोरच्या भिंतीला सरकवून घेतला होता. तिला ही बर्फाची गोष्ट आज वाचून दाखवतो.

अटलांटिकपार

न्यू जर्सीतून. इथे खिडकीतल्या एसीच्या खोक्यावर टन नसतोच, थेट बीटीयू असतात, 8,000, 12,000 वगैरे. पण अख्ख्या घराचा एसी बसवायला माणूस आला की तो टनातच बोलतो. माप एकच, फक्त गिऱ्हाईक बदललं की त्याचं नाव बदलतं. 12,000 ने भागायचं एवढं लक्षात ठेवलं की भारतातून आलेल्या पाहुण्यांना लगेच समजतं.

सातवा_मजला

स्टारबद्दल मी लिहितो.

ऊर्जा दक्षता ब्युरोचं हे लेबल 2006 पासून आहे. 2018 पासून एसीच्या लेबलवर 'आयसीर' नावाचा आकडा आला. वर्षभरात खोलीतून काढलेली उष्णता भागिले वर्षभरात खाल्लेली वीज, म्हणजे आयसीर. जेवढा मोठा तेवढा बरा. स्टार त्याच्यावरूनच ठरतात. मात्र ताऱ्यांचा तक्ता दर काही वर्षांनी कडक होतो, त्यामुळे जुन्या तक्त्यातला पाच तारे असलेला एसी नव्या तक्त्यात चार किंवा तीनवर येऊ शकतो. म्हणून लेबलवर त्याची मुदत छापलेली असते. दुकानात 'फाइव्ह स्टार, मोठी सूट' असं लिहिलेलं दिसलं की आधी ती मुदत वाचायची. माल जुन्या तक्त्यातला असतो बऱ्याचदा.

त्याच लेबलवर आणखी एक आकडा असतो, वर्षाला किती युनिट. तो 1600 तास चालेल असं धरून काढलेला असतो. दीड टनाच्या पाच तारेवाल्याला साधारण 800 युनिट, तीन तारेवाल्याला 1000 च्या आसपास. फरक 200 युनिट. अकोल्यात चार महिने रोज 10 तास चालवला तर 1200 तास होतात, म्हणजे फरक 150 युनिट. तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर त्याला लावा आणि किमतीतल्या फरकाशी ताडून बघा. बाबा हिशेबाचे पक्के आहेत म्हणता ना, हे त्यांना नक्की आवडेल.

मृगनक्षत्र

@सातवा_मजला, हेच हवं होतं. युनिट म्हटलं की बाबांना दुसरं काही सांगावं लागत नाही.

कोकणकडा

आमच्या रत्नागिरीत एका शेजाऱ्यांनी इन्व्हर्टर एसी घेतला, पावसाळ्यात तीन दिवस वीज गेली आणि ते दुकानदाराशी भांडायला गेले की याचा इन्व्हर्टर चालत नाही! त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे इन्व्हर्टर म्हणजे कोपऱ्यातली बॅटरी, तिच्यात पाणी घालायचं आणि वीज गेली की पंखा-दिवा चालू. वीस वर्षं हाच अर्थ ऐकलेल्या माणसाला तोच शब्द वेगळ्या यंत्रावर चिकटवून विकताना विक्रेत्याने एक वाक्य समजावून सांगायला काय हरकत होती?

टेस्टर_हातात

@कोकणकडा, तुमच्या शेजाऱ्यांचं काहीच चुकलं नाही. गंमत अशी की तांत्रिकदृष्ट्या दोन्ही ठिकाणी शब्द बरोबर आहे. एका दिशेने वाहणाऱ्या विजेचा पुन्हा उलटसुलट वाहणारा प्रवाह करणारं सर्किट म्हणजे इन्व्हर्टर. घरातला इन्व्हर्टर बॅटरीतली वीज घेऊन 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होणारी करतो, कारण पंख्याला-दिव्याला तीच लागते. एसीतला इन्व्हर्टर भिंतीतलीच वीज घेतो, आधी ती एकदिश करतो आणि मग पाहिजे त्या हर्ट्झची करून कॉम्प्रेसरला देतो. हर्ट्झ कमी केले की कॉम्प्रेसर हळू फिरतो. जुना एसी पूर्ण जोरात चालायचा, मग पूर्ण थांबायचा, मग पुन्हा झटका घेऊन सुरू व्हायचा. नवा हळूहळू चालत राहतो. बचत तिथे होते.

म्हणूनच रोज तासभर लावणाऱ्याला इन्व्हर्टरचा फायदा कमी. त्या तासात तो पूर्ण जोरातच चालतो. रात्रभर लावणाऱ्याला जास्त.

2005 च्या आसपासच्या लोडशेडिंगने घराघरात बॅटरी पोहोचवली आणि तो शब्द तिलाच कायमचा मिळाला. सरकारी कागदावर भारनियमन होतं, पण 'आज भारनियमन किती ते किती?' असं विचारणारा माणूस मला कधी भेटला नाही.

भाषावेडी

@टेस्टर_हातात, भारनियमन वर्तमानपत्रात रोज छापून यायचं आणि सगळ्यांना समजायचं. बोलण्यात आलं नाही म्हणून शब्द वाया गेला असं नाही.

पण मला वेगळं म्हणायचंय. ग्राहकाला वस्तूबद्दल त्याच्या भाषेत कळणं हा त्याचा हक्क आहे की नाही? आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंच्या 2011 च्या नियमांत खोक्यावरची सक्तीची माहिती देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असली की पुरे. मराठी ऐच्छिक आहे. म्हणजे अकोल्यातल्या दुकानात मराठी माणसाने मराठी माणसाला विकलेल्या वस्तूवर मराठीत एक ओळ नसली तरी नियम मोडत नाही. मग विक्रेता सांगेल तेच खरं.

आणि लोकांकडे शब्द नाहीत असं नाही हो. बॅटरी 'उतरते', फोन 'लागत नाही', 'रेंज नाही', 'नेट गेलं', फोन 'चार्जिंगला लावला'. आमचे काका अजून 'नंबर फिरव' म्हणतात. फिरवायची तबकडी जाऊन पिढी लोटली तरी सगळ्यांना समजतं. आपण या संकेतस्थळावर 'धागा' म्हणतो, 'दुवा' म्हणतो, कुणी शिकवलं? वापरून रुळले. मोठ्या कंपनीने एकदा ठरवून चांगलं मराठी माहितीपत्रक काढलं तर तेही रुळेल.

सातवा_मजला

@भाषावेडी, मराठी माहितीपत्रक हवं, शंभर टक्के सहमत. पण दुखणं इंग्रजी शब्दांचं आहे असं मला वाटत नाही. 'युनिट' इंग्रजीच आहे. 'वॉट', 'लिटर', 'एचपी' सगळं बाहेरून आलेलं. शेतकरी 'पाच एचपीची मोटर' म्हणतो तेव्हा त्याला पक्कं माहीत असतं की ती किती पाणी उपसेल. शब्द कुठलाही असो, त्याच्या पाठीमागे मोजता येणारी गोष्ट आहे का, एवढंच बघायचं. 'टर्बो', 'स्मार्ट', 'प्रो', 'अल्ट्रा' यांचं मराठी केलं तरी पोकळपणा जाणार नाही. 'अतिप्रगत शीतकरण' लिहून बाबांना काय कळणार?

भाषावेडी

मान्य आहे, पण अर्धंच. मराठीत लिहायला बसलं की पोकळपणा उघडा पडतो. 'अतिप्रगत शीतकरण' वाचून माणूस लगेच विचारतो, म्हणजे काय? 'ॲडव्हान्स्ड कूलिंग' वाचून मान डोलावतो. तिथे भाषेचा फायदा आहे.

सातवा_मजला

हे मात्र पटलं.

जुना_टेपरेकॉर्डर

तुम्ही सगळे आजचं बोलताय. आमच्या काळातही हेच होतं, फक्त शब्द वेगळे.

1990 च्या दशकात टेपडेकवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 1000 वॉट पीएमपीओ. चंदेरी स्टिकर, लाल अक्षरं. तोच डेक उलटा करून मागची पट्टी वाचली की वीजवापर 30 वॉट लिहिलेला. भिंतीतून 30 वॉट घेणारं यंत्र 1000 वॉटचा आवाज कुठून काढणार? पीएमपीओ म्हणजे एका क्षणापुरता शिखरावरचा आकडा, आणि तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नव्हती. ज्याला जो वाटेल तो आकडा छापायचा. खरा आकडा आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, तो बारीक अक्षरात किंवा नाहीच. मी तेव्हा सोलापुरात दुरुस्तीचं काम करायचो. गिऱ्हाईक डेक घेऊन यायचं तेव्हा त्याला मागची पट्टी वाचायला शिकवायचो. आजही माझा सल्ला तोच, पुढचं स्टिकर वाचू नका, मागची पट्टी वाचा.

दुसरं उदाहरण 'झिरोच्या बल्ब'चं. देवघरात, बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर जळायचा, कारण नाव झिरो. तो 12 ते 15 वॉट घ्यायचा! रोज 10 तास म्हणजे महिन्याला साडेचार युनिटपर्यंत. आज 9 वॉटचा एलईडी अख्खी खोली उजळतो.

आणि एआयबद्दल. तेव्हा वॉशिंग मशीनवर 'फझी लॉजिक' लिहून यायचं. मूळ गणित 1965 चं, लॉट्फी झादेह यांचं. जपानच्या मात्सुशिताने 1990 मध्ये त्यावर चालणारं कपडे धुण्याचं यंत्र बाजारात आणलं. कपडे किती, मळ किती, हे ओळखून पाणी आणि वेळ ठरवायचं. आजच्या एआयवाल्या यंत्राचं माहितीपत्रक परवा भाच्याने वाचून दाखवलं. कपड्यांचं वजन ओळखतं, पोत ओळखतं, पाणी आणि वेळ ठरवतं! माझ्या दृष्टीने काम तेच, पाटी नवी.

सातवा_मजला

@जुना_टेपरेकॉर्डर, पीएमपीओचं उदाहरण जबरदस्त. पण एआयच्या बाबतीत सरसकट तसं म्हणता येणार नाही. फझी लॉजिकमध्ये इंजिनिअर नियम लिहायचा, 'वजन बरंच आणि पाणी गढूळ तर वेळ वाढव' असे. आता काही यंत्रांत हे नियम हजारो नमुन्यांवरून शिकवलेले असतात, त्यामुळे मऊ कापड आणि जाड कापड यांतला फरक मोटरवर येणाऱ्या ताणावरून बऱ्यापैकी कळतो. फोनच्या कॅमेऱ्यात तर फरक डोळ्यांना दिसतो. रात्रीचा फोटो आजचा फोन एकामागून एक अनेक फोटो घेऊन, ते जुळवून, त्यातला दाणेदारपणा काढून बनवतो. शिकवलेल्या गणिताशिवाय ते एवढं चांगलं होत नाही.

आक्षेप असायला हवा तो असा की एकच शब्द दोघांना लावतात. खरंच शिकलेल्या यंत्रालाही एआय, आणि खोलीतलं तापमान बघून पंखा कमी-जास्त करणाऱ्यालाही एआय. दुसरं काम साधा थर्मोस्टॅट कितीतरी वर्षं करतोय.

जुना_टेपरेकॉर्डर

कॅमेऱ्याचं मान्य. एसीचं?

सातवा_मजला

एसीचं माझंही मत तुमच्यासारखंच. 'एआय मोड'ने किती युनिट वाचतात हे लेबलवर नसतं. लेबलवर नाही त्याचे जास्तीचे पैसे देऊ नयेत.

मांडवीकाठ

गोव्यातून एक भर. आमच्याकडे तापमान 33-34 च असतं, पण दमटपणा जीव घेतो. इथे एसीचं निम्मं काम हवेतलं पाणी काढायचं आहे. रिमोटवर 'ड्राय' नावाचं बटण असतं, पाण्याच्या थेंबाचं चित्र. पावसाळ्यात आम्ही तेच लावतो. विक्रेत्यांपैकी कुणी ते समजावून दिलं नाही, एआय मात्र सगळ्यांनी सांगितलं.

अकोल्याचं उलट आहे ना? कोरडी हवा. मग कूलर का नको?

मृगनक्षत्र

@मांडवीकाठ, कूलर आहेच, वाळ्याच्या ताट्या लावलेला. एप्रिल-मेमध्ये छान चालतो आणि एसीच्या मानाने वीज फारच कमी. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हवा दमट होते आणि कूलर नुसता ओला वारा फेकतो. शिवाय पाणी. उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड सुद्धा येत नाही कधीकधी, आणि कूलरची टाकी रोज भरायची. आईचे गुडघे दुखतात, बादल्या उचलणं आता जमत नाही. म्हणून एसी.

दुकानाची_पायरी

मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आहे, काउंटरच्या पलीकडचा. विक्रेत्यांवर बरंच आलंय, म्हणून लिहितो.

नवीन मॉडेल आलं की कंपनीचा माणूस येऊन आम्हाला तासभर शिकवतो. त्यात शब्द शिकवतात, आकडे नाही. कोणता शब्द आधी बोलायचा हेही ठरलेलं असतं. आणि गिऱ्हाईकही शब्द घेऊनच येतं. 'एलईडी दाखवा' म्हणतात. मी विचारतो, एलईडी म्हणजे कसला? तर भिंतीवर लावायचा पातळ टीव्ही. खरं तर तो एलसीडीच आहे. आधी त्याच्यामागे बारीक ट्यूब असायच्या, नंतर एलईडी दिवे आले, पडदा तोच. क्यूएलईडी म्हणजेही तोच पडदा, मध्ये रंग चांगले दाखवणारा एक थर. ओएलईडी एकदम वेगळा, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो. क्यू आणि ओ, एका अक्षराचा फरक, किमतीत दुपटीहून जास्त. गिऱ्हाईकाला मी दोन्ही शेजारी लावून अंधाराचं दृश्य दाखवतो. समजावून सांगण्यापेक्षा ते बरं.

खोक्यावर 108 सेंटिमीटर छापलेलं असतं, गिऱ्हाईक 43 इंचीच मागतं. तेही कर्णाचं माप, रुंदीचं नाही. कपाटातला कोनाडा इंचांत मोजून येतात, 43 बसेल म्हणतात, तेव्हा मी टेप काढून रुंदी दाखवतो, साधारण 38 इंच भरते.

आणि धाग्यात वर आलेल्या 'स्टॅबिलायझर फ्री'बद्दल. दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतं, 'स्टॅबिलायझर फ्री आहे ना, मग द्या की!' त्यांना वाटतं सोबत फुकट आहे. अर्थ असा की ठरावीक व्होल्टेजच्या आत स्टॅबिलायझर न लावता चालेल. ती मर्यादा प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात असते. गावाकडे संध्याकाळी दिवे पिवळे पडत असतील तर व्होल्टेज मोजून घ्या आणि मगच ठरवा.

ताकभात

'फ्रॉस्ट फ्री' फ्रिजसोबत फ्रॉस्ट किती किलो देतात ते पण विचारून ठेवा.

कोकणकडा

@दुकानाची_पायरी, फार चांगलं लिहिलंत. तुमच्यासारखे विक्रेते सगळीकडे भेटोत.

स्मार्ट टीव्हीची माझी तक्रार आहे. आमचा टीव्ही दिसायला अजून उत्तम, चित्र स्वच्छ. पण त्यातली ॲप्स एकेक करून बंद झाली. कंपनीला फोन केला तर म्हणाले, या मॉडेलला आता अपडेट मिळणार नाही. घेताना 'स्मार्ट' किती वर्षं राहील हे कुणीच सांगितलं नव्हतं. यंत्राची वॉरंटी लिहून देतात, तशी अपडेटची मुदत का लिहून देत नाहीत?

सातवा_मजला

@कोकणकडा, फोनच्या बाबतीत काही कंपन्या आता तसं जाहीर करतात, इतकी वर्षं अपडेट देऊ म्हणून. फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी तेच विचारावं. टीव्हीत अजून रुळलं नाही. तुमच्या टीव्हीला एचडीएमआयमध्ये लावायची स्टिक लावा, टीव्ही फेकू नका.

मेगापिक्सेलवरून आठवलं. 108 मेगापिक्सेलचा फोन नेहमीचा फोटो साधारण 12 मेगापिक्सेलचाच काढतो, कारण नऊ ठिपके मिळून एक करतो. 50 वाला चार मिळून एक करतो, तोही साडेबारा. त्याने अंधारात प्रकाश जास्त मिळतो, म्हणजे हे चांगलंच आहे. फक्त 108 हा आकडा बघून 50 वाल्याला कमी लेखायला नको.

अटलांटिकपार

आकडा खरा पण एकक गनिमी काव्याने बदललेलं, याची आणखी दोन उदाहरणं. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दाखवते. चोरी झालेली नाही. कंपनी 1000 च्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. आणि इंटरनेटचा वेग 100 एमबीपीएस म्हणजे 100 मेगाबिट. सेकंदाला उतरणारी फाइल मेगाबाइटमध्ये बघायची तर 8 ने भागा, साडेबारा.

पॉवर बँकवरही 10,000 एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिहितात ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं. फोनला 5 व्होल्टने देताना ते 7,400 होतं आणि त्यातही घट. खोक्यावर बारीक अक्षरात 'रेटेड' आकडा असतो, तो खरा. विमानातून येणाऱ्यांनी वॉट-अवर (एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले 1000) बघावेत. 100 च्या आत असेल तर हातातल्या बॅगेत नेता येते, चेक-इनमध्ये कधीच नाही. 10,000 वाली 37 भरते.

भाषावेडी

बारीक अक्षरावरून एक उपयोगी माहिती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आली. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत त्याचा खुलासा हवा, त्याच अक्षराच्या ठशात हवा, आणि खुलाशाने मूळ दाव्याच्या उलट बोलायचं नाही. म्हणजे मराठी वर्तमानपत्रात 'वीजबिल निम्मं!' असं छापलं आणि खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरात अटी टाकल्या, तर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. मराठीत बोला, बिचकू नका.

टेस्टर_हातात

हे माहीत नव्हतं. कात्रणं जमवायला लागतो.

मृगनक्षत्र

काल बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. बर्फाचा टन त्यांना फार आवडला, आईलाही बोलावून सांगितला. आता आमचं ठरलं ते असं. दीड टन, कारण खोली वरच्या मजल्यावर आहे. तारे कितीही असोत, लेबलची मुदत आणि वर्षाचे युनिट बघून मॉडेल निवडायचं. 46 अंशांचा आकडा माहितीपत्रकात असेल तरच घ्यायचा. एआय आणि वायफायचे जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत. व्होल्टेज बाबा आठवडाभर संध्याकाळी मोजून लिहून ठेवणार आहेत. आणि खरेदी अकोल्यातच करणार, म्हणजे दुरुस्तीला माणूस जवळ. पुण्याची दुकानं रद्द.

टेस्टर_हातात

उत्तम. घर जुनं असेल तर आधी वायरिंग बघून घ्या. एसीला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा खटका), मोठा 16 ॲम्पिअरचा पॉइंट आणि मुख्य म्हणजे अर्थिंग. पंख्याच्या पॉइंटवरून ओढलेल्या वायरवर दीड टन टाकू नका. उन्हाळ्यात जळालेले पॉइंट मी चिक्कार पाहिलेत, त्यातले बहुतेक असेच.

दुकानाची_पायरी

एक विनंती. या धाग्यातलं सगळं एका पानावर मराठीत कुणी लिहून देईल का? मालकांना विचारलंय, काउंटरवर काचेखाली लावायला ते तयार आहेत. वरच्या ओळीत शब्द, खाली 'याच्यासाठी लेबलवर काय बघायचं' एवढंच. अक्षर मोठं ठेवा, चष्मा न लावता वाचता यावं.

भाषावेडी

मी लिहिते. टन, स्टार, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, एलईडी-ओएलईडी, एमएएच एवढं धरलंय. सातवा_मजला तपासून देतील का? मराठी माझं, आकडे तुमचे. आणखी काय हवं?

सातवा_मजला

देतो. रविवारपर्यंत पाठवा.

दुकानाची_पायरी

पंखा घ्या हो त्यात. सध्या सगळ्यात जास्त प्रश्न 'बीएलडीसी म्हणजे काय' याचेच येतात.

टेस्टर_हातात

पंख्याची ओळ अशी लिहा: साधा पंखा 75 वॉट, बीएलडीसी (ब्रश नसलेली, इलेक्ट्रॉनिक सर्किटने फिरणारी मोटर) 28 ते 35 वॉट, वारा जवळपास तेवढाच. खोक्यावर वॉट आणि वारा हे दोन्ही आकडे बघा. वारा घनमीटर प्रतिमिनिट असा लिहिलेला असतो, नुसते कमी वॉट बघून घेऊ नका. रिमोट हरवला तर भिंतीवरच्या बटणाने वेग बदलता येतो का, हे दुकानातच चालवून बघा.